पाव वॅटचा उपग्रह परभणीच्या गच्चीवरून कसा ऐकू येतो

पाच वॅटचा हातात मावणारा रेडिओ घेऊन परभणी शहरातल्या एखाद्या घराच्या गच्चीवर उभे राहिले, तर त्यावर बोललेले चार-पाच किलोमीटरपलीकडच्या माणसाला ऐकू येईल याची खात्री देता येत नाही; मध्ये घरे येतात, पाण्याच्या टाक्या येतात, झाडे येतात आणि शेवटी पृथ्वीचा बाकच आडवा येतो. तोच रेडिओ, तेवढीच शक्ती आणि तीच गच्ची. फक्त हातात एक छोटा दिशादर्शी अँटेना घेऊन तो आकाशातल्या ठरावीक बिंदूकडे धरला, तर तोच आवाज दीड-दोन हजार किलोमीटर दूर, बंगालच्या उपसागरावरून जाणाऱ्या एखाद्या लहानशा उपग्रहापर्यंत पोहोचतो आणि तिथून परत खाली येऊन परदेशातल्या माणसाला ऐकू येतो. ऐकणाऱ्याला ही जादू वाटते. प्रत्यक्षात यात जादू नाही, पण हिशेब पुष्कळ आहे, आणि तो हिशेब समजून घेतला की हौशी रेडिओवाल्यांचे, म्हणजे ज्यांना सगळे ‘हॅम’ म्हणतात त्यांचे, उपग्रह नेमके कसे चालतात ते कळते.

पहिला असा उपग्रह फार जुना आहे. स्पुतनिक आकाशात गेल्यानंतर चारच वर्षांनी, १२ डिसेंबर १९६१ रोजी, कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींनी बनवलेला साधारण साडेचार किलो वजनाचा ‘ऑस्कर १’ हा उपग्रह अमेरिकी हवाई दलाच्या एका अग्निबाणावरून गेला. अग्निबाणाचा तोल सांभाळण्यासाठी जे निरुपयोगी वजन ठेवावे लागते, त्याच्या जागी हा डबा बसवण्यात आला होता. त्यात सौरघट नव्हते, फक्त बॅटरी होती; आणि तो मोर्सच्या सांकेतिक भाषेत चार टिंबे आणि दोन टिंबे, म्हणजे ‘हाय’, एवढेच पुनःपुन्हा सांगत होता. त्याची प्रक्षेपणशक्ती होती १४० मिलिवॅट, म्हणजे एका वॅटचा सातवा हिस्सा. मात्र हे ‘हाय’ किती वेगाने म्हणायचे ते उपग्रहाच्या आतल्या तापमानावर ठरत असे, त्यामुळे हातातल्या घड्याळावर ‘हाय’ मोजणाऱ्या माणसाला उपग्रह किती तापला आहे तेही कळत होते. २८ देशांतल्या ५७० हून अधिक हौशी श्रोत्यांनी तो ऐकल्याची नोंद कळवली. या एका उदाहरणात पुढच्या साठ वर्षांच्या या छंदाचे सूत्र आलेले आहे: वर पाठवायची वस्तू जितकी साधी आणि दुबळी ठेवता येईल तितकी ठेवायची आणि उरलेले काम खाली उभ्या असलेल्या माणसाने करायचे.

ते काम कोणते, हे समजण्यासाठी आधी उपग्रह वर टिकतो कसा ते पाहू. ज्वारीच्या राखणीला मचाणावर उभा असलेला माणूस गोफणीतून दगड भिरकावतो तेव्हा तो दगड पुढे जाता जाता खालीही पडत असतो. पहिल्या सेकंदात तो सुमारे पाच मीटर खाली येतो, मग त्याला कितीही जोराने फेकलेला असो. आता पृथ्वी गोल असल्यामुळे तिचा पृष्ठभागही दर आठ किलोमीटरला सुमारे पाच मीटर खाली वाकलेला असतो. म्हणजे हवेचा अडथळा नसता आणि गोफणीत सेकंदाला आठ किलोमीटरचा वेग देण्याची ताकद असती, तर दगड जेवढा पडला असता तेवढीच जमीनही त्याच्याखालून बाजूला सरकली असती आणि तो कधीच शेतात पडला नसता. उपग्रह असाच सतत पडत असतो. सहाशे किलोमीटर उंचीवर त्याला सेकंदाला साडेसात किलोमीटरचा वेग पुरतो आणि पृथ्वीभोवतीची एक फेरी साधारण ९७ मिनिटांत पूर्ण होते. परभणी ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर तो अर्ध्या मिनिटाच्या आत ओलांडतो.

दूरचित्रवाणीच्या डिशचा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो आणि तिथे एका फेरीला एक दिवस लागत असल्याने तो आपल्याला एका जागी थांबलेला दिसतो. म्हणून डिश एकदा बसवली की विषय संपतो. खालच्या कक्षेतल्या उपग्रहाला ही सोय नाही. सहाशे किलोमीटरवरच्या उपग्रहाला एका वेळी जमिनीचे जे वर्तुळ दिसते त्याची त्रिज्या सुमारे २,६५० किलोमीटर असते. हे वर्तुळ लहान नाही. असा उपग्रह नेमका परभणीच्या डोक्यावर असेल तेव्हा तो लेहलाही क्षितिजाच्या वर असतो आणि पोर्ट ब्लेअरलाही. पण हे वर्तुळ उपग्रहाबरोबर धावत असते. त्यामुळे एका गावाच्या वाट्याला तो उगवल्यापासून मावळेपर्यंत फार तर बारा-तेरा मिनिटे येतात, आणि तीही तो थेट डोक्यावरून गेला तर. बाजूने गेला तर पाच-सहा मिनिटांतच मावळतो. या एका खेपेला हॅम मंडळी ‘पास’ म्हणतात.

उपग्रह फेरी पूर्ण करून येईपर्यंत पृथ्वी स्वतःभोवती सुमारे २४ अंश फिरलेली असते, म्हणून ध्रुवांवरून जाणाऱ्या उपग्रहाची पुढची खेप मराठवाड्याच्या अक्षांशावर अडीच हजार किलोमीटर पश्चिमेला सरकलेली असते. परिणामी सकाळी लागोपाठ दोन-तीन खेपा मिळतात, मग तो दिसेनासा होतो, आणि बारा तासांनी उलट्या दिशेने पुन्हा दोन-तीन खेपा मिळतात. एसटीच्या वेळापत्रकापेक्षा हे वेळापत्रक निश्चितच भरवशाचे आहे. उपग्रहाची कक्षा दोन ओळींच्या आकड्यांत मांडलेली असते. ते आकडे जुने होत जातात म्हणून ते ताजे घ्यावे लागतात, पण फोनमधल्या एखाद्या मोफत ॲपला ते दिले की तुमच्या गावातून कोणता उपग्रह किती वाजून किती मिनिटे आणि किती सेकंदांनी कोणत्या दिशेला उगवेल ते ॲप सांगते.

आता शक्तीचा प्रश्न. डिसेंबर २००२ मध्ये सोडलेल्या ‘एसओ-५०’ या सौदी अरेबियाच्या उपग्रहाने अनेक वर्षे जगभरच्या हौशी लोकांना पहिला धडा दिला. त्याचा प्रक्षेपक पाव वॅटचा आहे. पाव वॅट म्हणजे देवघरातल्या छोट्या दिव्यालाही पुरणार नाही एवढी वीज. तरी तो ऐकू येतो, कारण त्याच्या आणि आपल्या मध्ये काहीही नसते. जमिनीवरच्या संपर्कात शक्ती जाते ती भिंती, टेकड्या आणि पृथ्वीचा बाक यांच्याशी झुंजण्यात. आकाशाकडे पाहणाऱ्या अँटेनाला फक्त अंतराचा कर द्यावा लागतो. अर्थात तो करही लहान नाही. डोक्यावर असताना सहाशे किलोमीटरवर असलेला उपग्रह क्षितिजावर असताना सुमारे २,८०० किलोमीटर दूर असतो. अंतर पावणेपाच पट झाले की पोहोचणारी शक्ती त्याच्या वर्गाने, म्हणजे बावीस पटींनी घटते. म्हणूनच खेपेच्या सुरुवातीला खरखरीत बुडालेला आवाज मधल्या चार मिनिटांत स्वच्छ होतो आणि शेवटी पुन्हा खरखरीत विरतो.

वेळ कळली, दिशा कळली, तरी उपग्रह लगेच सापडत नाही, कारण तो आपली वारंवारता बदलत असल्यासारखा भासतो. परभणी जंक्शनात न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा आठवून पाहावा: इंजिन जवळ येताना भोंग्याचा स्वर वरचा असतो आणि फलाटावरून पुढे गेले की तो एकदम उतरतो, जरी इंजिनचालकाला तो सारखाच ऐकू येत असला तरी. याला डॉप्लर परिणाम म्हणतात आणि रेडिओलहरींनाही तो तसाच लागू आहे. ४३६ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलणारा उपग्रह उगवताना आपल्याला सुमारे दहा किलोहर्ट्झ वर ऐकू येतो आणि मावळताना सुमारे दहा किलोहर्ट्झ खाली. एसओ-५० ची खरी वारंवारता ४३६.७९५ मेगाहर्ट्झ, पण ऐकणारा माणूस ४३६.८०५ वर सुरुवात करतो, मग ४३६.८००, डोक्यावर आला की ४३६.७९५, आणि पुढे ४३६.७९०, ४३६.७८५ असा पाच-पाच किलोहर्ट्झ खाली उतरत जातो. १४५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हाच फरक तिसऱ्या हिश्शाचा, साडेतीन किलोहर्ट्झच्या आतला असतो, म्हणून नवशिक्याने त्या पट्ट्यातला उपग्रह आधी ऐकावा, हे माझे मत.

तिसरी अडचण पिळाची. रेडिओलहर एका ठरावीक प्रतलात डोलते, आणि अँटेनाच्या कांड्या त्याच प्रतलात धरल्या तरच ती नीट पकडली जाते. लहान उपग्रह मात्र स्वतःभोवती गिरक्या घेत असतो, त्यामुळे हे प्रतल सतत बदलते आणि आवाज अर्ध्या मिनिटाला येतो-जातो. यावरचा उपाय इतका साधा आहे की पुस्तकात वाचून तो खरा वाटत नाही: आवाज बुडाला की मनगट नव्वद अंशांत वळवायचे. हातात धरायचा अँटेना घरी करता येतो. त्याचा दांडा म्हणजे ठिबक सिंचनाच्या दुकानात मिळणारा पीव्हीसी पाइप आणि त्याच्या आडव्या कांड्या म्हणजे सुताराच्या पोलादी मोजपट्टीचे कापलेले तुकडे. १४५ मेगाहर्ट्झसाठी ही कांडी सुमारे एक मीटरची आणि ४३६ मेगाहर्ट्झसाठी सुमारे ३४ सेंटिमीटरची, म्हणजे लहरीच्या लांबीच्या निम्मी लागते.

बोलण्याची पद्धत उपग्रहागणिक वेगळी असते. एसओ-५० सारखे उपग्रह एका पट्ट्यावर ऐकतात आणि जे ऐकले ते त्याच क्षणी दुसऱ्या पट्ट्यावर पुन्हा प्रक्षेपित करतात. म्हणजे आकाशात टांगलेला हा एकच ध्वनिक्षेपक, आणि तो एका वेळी एकाच्याच हातात. दोघे एकाच वेळी बोलले तर ज्याचा आवाज जोरकस तो पुढे जातो आणि दुसरा पुसला जातो. खाली उपग्रहाच्या वर्तुळात शेकडो माणसे वाट पाहत असताना बारा मिनिटांत गप्पा मारणे असभ्यपणाचे मानतात. आपली कॉल साइन, म्हणजे सरकारने दिलेले रेडिओचे नाव, आणि आपला चौकोन सांगायचा, समोरच्याचा ऐकायचा, धन्यवाद म्हणून बाजूला व्हायचे. हा चौकोन म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून पृथ्वीचे केलेले तुकडे: परभणी, नांदेड आणि हिंगोली ‘एमके८९’ मध्ये येतात, लातूर आणि धाराशिव ‘एमके८८’ मध्ये, जालना आणि छत्रपती संभाजीनगर ‘एमके७९’ मध्ये आणि बीड ‘एमके७८’ मध्ये. दुसऱ्या प्रकारचे उपग्रह वारंवारतांची एक अख्खी पट्टी उचलून दुसरीकडे ठेवतात, त्यामुळे त्या पट्टीत अनेक जोड्या एकाच वेळी निवांत बोलू शकतात. ते वापरायला अवघड, पण वागायला अधिक माणुसकीचे असतात.

भारताचा ‘हॅमसॅट’ या दुसऱ्या प्रकारचा होता. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ या अग्निबाणाने कार्टोसॅट-१ बरोबर तो गेला. त्याचे वजन ४२.५ किलो. त्यात दोन पुनर्प्रक्षेपक होते: एक भारतीय हौशी मंडळींच्या सहकार्याने झालेला आणि दुसरा नेदरलँड्समधल्या एका हॅमने बनवलेला. जगभर तो ‘व्हीओ-५२’ या नावाने ओळखला गेला आणि जुलै २०१४ मध्ये बॅटरीने दगा देईपर्यंत नऊ वर्षे चालला.

मराठवाड्याच्या दृष्टीने आणखी एक उपग्रह विशेष आहे आणि तो इंडोनेशियाचा आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ॲस्ट्रोसॅटबरोबर श्रीहरिकोट्याहूनच गेलेला ‘लापान-ए२’ हा उपग्रह विषुववृत्ताला धरून, त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला फक्त सहा अंशांच्या पट्ट्यात, सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून फिरतो, आणि त्यावर हौशी रेडिओसाठी पुनर्प्रक्षेपक बसवलेला आहे. त्याची फेरी आणि पृथ्वीचे फिरणे एकाच दिशेने असल्याने तो आपल्याकडे साधारण पावणेदोन तासांनी एकदा येतो, म्हणजे दिवसातून डझनभर वेळा. अडचण एवढीच की परभणीतून तो कधीच डोक्यावर येत नाही. दक्षिणेच्या क्षितिजावर तो फार तर सोळा अंश वर चढतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते, म्हणजे दीड मूठ. लातूरहून तो किंचित वर, छत्रपती संभाजीनगरहून किंचित खाली. गोदावरीच्या काठच्या सपाट रानात दक्षिण मोकळी असलेल्याला ही दीड मूठ पुरते, पण ज्यांच्या गावाच्या दक्षिणेला बालाघाटाचा डोंगर खेटून उभा आहे त्यांना माथ्यावर चढावे लागेल. हिशेबाने परभणी आणि जकार्ता ही सुमारे ४,३०० किलोमीटर दूरची ठिकाणे या उपग्रहाच्या एकाच वर्तुळात काही मिनिटे येऊ शकतात.

आज बहुतेक लहान उपग्रह ‘क्यूबसॅट’च्या मापात बनतात. दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाचे हे माप १९९९ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी, जॉर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज यांनी, विद्यार्थ्यांसाठी ठरवले. एवढ्या डब्याच्या एका बाजूवर वरचा प्रखर सूर्यप्रकाश जेमतेम तेरा-चौदा वॅट पडतो आणि सौरघटांतून त्यातले दोन-अडीच वॅट हाती लागतात. पाव वॅटच्या प्रक्षेपकाचे कारण यातच आहे. त्यात दर फेरीत तिसऱ्या हिश्शाहून अधिक काळ पृथ्वीच्या सावलीत जातो, म्हणजे दिवसाला पंधरा सूर्योदय आणि पंधरा भारनियमने. बॅटरी प्रत्येक वेळी भरते आणि रिकामी होते, आणि बहुतेक उपग्रहांचा शेवट तिच्यापासूनच होतो.

याला एक विलक्षण अपवाद आहे. १५ नोव्हेंबर १९७४ रोजी सोडलेला ‘ऑस्कर ७’ हा उपग्रह १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट झाल्याने मुका झाला. बॅटरी शॉर्ट होणे म्हणजे सौरघटांतून येणारी सगळी वीज तिच्यातच गडप होणे. एकवीस वर्षे तो तसाच फिरत राहिला, आणि २१ जून २००२ रोजी अचानक पुन्हा ऐकू आला. त्या बॅटरीचा शॉर्ट कालांतराने तुटला असावा आणि सौरघटांची वीज थेट रेडिओला मिळू लागली असावी, असे त्याचे स्पष्टीकरण मानले जाते. तेव्हापासून तो बॅटरी नसलेल्या शेतातल्या सौर पंपासारखा वागतो: ऊन असेल तोवर चालू, सावलीत गेला की बंद, आणि प्रत्येक वेळी उजेडात आला की पहिल्यापासून सुरुवात. सुमारे १,४५० किलोमीटर उंचीवर हवा जवळजवळ नसल्याने तो लवकर खाली पडण्याचीही शक्यता नाही. उलट चारशे किलोमीटरच्या आसपास सोडलेले क्यूबसॅट विरळ हवेच्या घर्षणाने वर्ष-दोन वर्षांत खाली येऊन जळून जातात.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा साधारण एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने गेला. त्याला दिशा देण्यासाठी यंत्र नव्हते. आत ठेवलेले चुंबक होकायंत्राच्या सुईसारखे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहील, अशी रचना होती. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला. असे विद्यार्थी-उपग्रह हौशी रेडिओच्या वारंवारता वापरतात, कारण त्या मोफत आहेत. त्याची अट अशी की व्यापार करायचा नाही आणि उपग्रहाला द्यायच्या आज्ञा सोडल्या तर काहीही गुप्त ठेवायचे नाही. काही संस्था वारंवारता घेतात आणि हौशी श्रोत्याला वाचता येईल असे काही देत नाहीत, ही हॅम मंडळींची जुनी तक्रार आहे, आणि ती मला रास्त वाटते.

आपत्तीत हे उपग्रह कामाला येतात, असे उत्साहाने सांगितले जाते, तेव्हा मात्र थोडे सावध राहावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी संपर्काचे काम केले, ही नोंद लातूर-धाराशिवच्या लोकांनी विसरू नये अशी आहे. पण बारा मिनिटे बोलून तासन्‌तास गायब होणाऱ्या एकट्या उपग्रहावर मदतकार्य चालवता येत नाही. ते जमिनीवरच्या रेडिओंचे काम आहे.

सुरुवात ऐकण्यापासून करणे सर्वांत सोपे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा हौशी रेडिओ १४५.८०० मेगाहर्ट्झवर ऐकू येतो, आणि अधूनमधून त्यावरून चित्रे पाठवण्याचा कार्यक्रम होतो. एक चित्र सुमारे दोन मिनिटांत किरकिरणाऱ्या स्वरांच्या रूपाने येते आणि रेडिओसमोर धरलेल्या फोनच्या ॲपमध्ये ओळीओळीने उमटते. दूरचित्रवाणीसाठी बनलेला यूएसबी डोंगल आणि जुना लॅपटॉपही यासाठी चालतो. शहरात एलईडी दिव्यांच्या आणि चार्जरच्या स्वस्त सर्किटांचा गोंगाट फार असतो; शेतातल्या आखाड्यावर, जवळचे इन्व्हर्टर बंद करून ऐकले तर हाच उपग्रह दोन अंश आधी उगवल्यासारखा वाटतो. बोलायचे असेल तर दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्यांना ती देता येते, आणि परवान्याच्या श्रेणीप्रमाणे ‘व्हीयू२’ किंवा ‘व्हीयू३’ ने सुरू होणारी कॉल साइन मिळते.

ऐकलेले लिहून ठेवावे: तारीख, वेळ, वारंवारता, आणि उपग्रहाने पाठवलेले बॅटरीचे व तापमानाचे आकडे. उपग्रह बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या केंद्रालाही तो दिवसातून मोजक्या मिनिटांसाठीच दिसतो; उरलेल्या वेळात तो कसा आहे हे त्यांना दुसऱ्या कोणाच्या तरी अँटेनामधूनच कळते. ‘सॅटनॉग्ज’ या नावाने अशा स्वयंसेवी केंद्रांचे जगभर जाळे आहे आणि आपल्या गच्चीवरचा अँटेना त्याला जोडता येतो. उपग्रह सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, तो जिवंत आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसते तेव्हा, ‘एमके८९’ मधून आलेली चार आकड्यांची नोंद त्या तुकडीला रात्रभर जागे ठेवू शकते.